टिंबीच्या दारावर गाडीचं चाक

रस्त्याच्या कडेला एक बीळ होतं.

बिळाला दार होतं. एकच दार. मागचं दार पुढच्या वर्षी करू, असं ठरलं होतं. दरवर्षी तसं ठरत असे.

बिळात राहायची टिंबी उंदरीण. टिंबी एवढीशी! तुमच्या अंगठ्याएवढी. शेपूट धरली तर दोन अंगठ्यांएवढी.

टिंबीची पिल्लं तीन. मोठं, मधलं आणि धाकटं. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. पण ओरडता छान यायचं.

एके दिवशी सकाळी टिंबी म्हणाली, "मी ज्वारीचा दाणा घेऊन येते. भांडू नका हं."

"नाही भांडणार," पिल्लं म्हणाली. आणि भांडू लागली.

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात रस्त्यानं एक गाडी आली.

खडखड खडखड! टप टप टप टप!

गाडी होती गेनूकाकांची. गावात सगळ्यांच्या बैलगाड्या. गेनूकाकांची तेवढी घोडागाडी. काकांना नेहमी घाई असायची, म्हणून त्यांनी घोडा घेतला होता. तरी बाजारात ते सगळ्यांच्या शेवटी पोचत.

घोडा तांबडा होता. त्याचं नाव रावसाहेब. गेनूकाका त्याला अहोजाहो करत. न करून सांगतात कुणाला? अरेतुरे केलं की तो चालतच नसे.

गाडीत मागे कांद्याची पोती होती. पुढे भुईमुगाच्या शेंगांची पाटी होती. पाटीशेजारी मथुराकाकू बसल्या होत्या. काकू चांगल्या धष्टपुष्ट होत्या.

खडखड खडखड! टप टप टप टप! आणि मग,

खण्ण!

घोड्याच्या पायाची नाल निघाली. घोडा थांबला. गाडी थांबली.

गेनूकाका खाली उतरले. त्यांनी नाल पाहिली. मग काकूंकडे पाहिलं.

"तुझ्या वजनानं नाल निघाली बघ!"

"माझ्या? मी काय घोड्याच्या पायात बसले होते?"

"गाडीत तर बसली होतीस!"

"बरं. मग ही उतरले. बसा तुम्ही आणि तुमचा घोडा."

काकू उतरल्या. शेंगांची पाटीही त्यांनी उतरवून घेतली. जरा लांब एका दगडावर जाऊन बसल्या. पाठ फिरवून बसल्या. शेंगा सोलून खाऊ लागल्या. कट्. कट्. कट्.

गेनूकाकांनी घोडा सोडला. गाडीला मागून बांबूचा टेकू दिला. मग ते म्हणाले, "आज नाल बसली तर बसली. नाही तर गाडी राहू दे इथेच. पुढच्या बाजाराला नेऊ."

"पुढचा बाजार आठ दिवसांनी आहे," काकू म्हणाल्या. पाठ तशीच.

"होईल काहीतरी," काका म्हणाले. आणि गाडीच्या सावलीत झोपले. घाईची माणसं अशी मधूनमधून झोपतात.

घुर्रर्र... घुर्रर्र...

इकडे टिंबी परत आली. तुरुतुरु, तुरुतुरु. तोंडात दाणा.

पाहते तो काय! दार कुठे आहे?

दार नाही. दाराच्या जागी चाक. मोठं, गोल, लोखंडाची धाव बसवलेलं चाक. बरोब्बर दारावर.

टिंबीच्या तोंडातला दाणा पडला. टप्!

आतून आवाज आला.

"आई, भूक!" मोठं म्हणालं.

"आई, भूक!" मधलं म्हणालं.

"आई, शू!" धाकटं म्हणालं.

टिंबीनं चाक ढकललं. हुं! हललं नाही. डोक्यानं ढकललं. हुं! हललं नाही. शेपटीनं ढकललं. शेपटीनं कुणाचं काय हलतं?

मग टिंबी म्हणाली,

"चाकभाऊ, चाकभाऊ, जरा सरका.
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

चाक म्हणालं, "मी साधंसुधं चाक नाही बरं. मी कांदे नेले. मी चारा नेला. मी शेणखत नेलं. लग्नात मी नवरी नेली."

"आधी खत नेलं, की आधी नवरी?" टिंबीनं विचारलं.

"ते नवरीला विचार," चाक म्हणालं. "पण मी आपणहून कधी फिरत नाही. घोडा ओढतो, मी फिरतं. आधी घोडा, मग मी."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

घोडा गवत खात होता. तीन पाय जमिनीवर. चौथा पाय जरासा वर. चौथ्या पायाची नाल निघाली होती ना!

टिंबी म्हणाली,

"रावसाहेब, रावसाहेब, गाडी ओढा.
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

घोडा म्हणाला, "फुर्रर्र! एक पाय अनवाणी, आणि मी बाजारात जाऊ? तिथे दुसरे घोडे असतात. ते बघतात."

"थोडंसंच ओढा. वीतभर."

"वीतभरसुद्धा नाही. वाटेवर खडे आहेत. खुराला टोचतात. चांदचाचांना बोलाव. ते नाल ठोकतील. आधी नाल, मग गाडी."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिंचेखाली चांदचाचा बसले होते. चांदचाचा घोड्याला, बैलांना नाल ठोकत. समोर भट्टी होती. भट्टीत कोळसे होते. पण कोळसे काळे होते. लाल एकही नाही.

टिंबी म्हणाली,

"चांदचाचा, चांदचाचा, नाल ठोका.
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

चाचा म्हणाले, "अगं बेटी, नाल ठोकायची तर लोखंड तापवायला लागतं. लोखंड गरम असलं की माझं ऐकतं. थंड असलं की मी त्याचं ऐकतो."

"मग तापवा ना!"

"कसं तापवू? हा बघ भाता."

चाचांनी भाता दाबला. वारा यायला हवा होता.

फुस्स!

"फाटलाय," चाचा म्हणाले. "तात्या शिवून देतील."

"मग तात्यांना का नाही सांगितलं?"

चाचांनी मान वळवली. "आमचं बोलणं नाही. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, काढा छान झालाय."

"अरेरे!"

"हां! तू जा. तू सांग. आधी भाता, मग नाल."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तात्यांचं दुकान अगदी समोरच होतं. तात्या घोड्याचं खोगीर शिवत, लगाम शिवत, चामड्याचं काहीही शिवत. आत्ता काही शिवत नव्हते. चाचांकडे बघत नव्हते. चाचा त्यांच्याकडे बघत नव्हते. दोघं न बघण्यात अगदी गुंतले होते.

टिंबी म्हणाली,

"तात्या, तात्या, भाता शिवा.
चाचा नाल ठोकेनात,
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

तात्या म्हणाले, "शिवीन की. सुई आहे. दोरा आहे. मेण नाही."

"मेण कशाला?"

"दोऱ्याला मेण लावायचं. मग दोरा चामड्यातून सुळ्ळकन जातो. मेण नसलं तर अडतो आणि तुटतो. कच्चं काम मी करत नाही. मी पक्कं शिवतो. एकदा शिवलं की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही."

"म्हणूनच दुकान रिकामं आहे वाटतं?"

"म्हणूनच," तात्या म्हणाले. त्यांना त्याचा अभिमान होता. "जा, मधमाशीकडून मेण आण. आधी मेण, मग भाता."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत बीळ लागलं. टिंबीनं चाकाला कान लावला.

"आई, भूक!"

"आई, भूक!"

"आई, खूप शू!"

"आले हं!" टिंबी म्हणाली. आणि जोरात पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

बाभळीच्या फांदीवर पोळं होतं. पोळ्याच्या दारात मधमाशी बसली होती.

टिंबी म्हणाली,

"माशीताई, माशीताई, मेण द्या.
तात्या भाता शिवेनात,
चाचा नाल ठोकेनात,
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

माशी म्हणाली, "गूंऽऽ! नंतर ये. आम्ही फार कामात आहोत."

"काय काम?"

"वाट बघायचं काम. सकाळपासून सगळ्या जणी वाट बघतोय. जेवायलासुद्धा वेळ नाही."

"कुणाची वाट?"

"सूर्यफुलाची. त्यानं मान खाली टाकलीय. तोंड मातीत. बसायचं कुठे? फूल नाही तर मध नाही. मध नाही तर मेण नाही. आधी फूल, मग मेण."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेतात सूर्यफूल उभं होतं. म्हणजे दांडा उभा होता. फूल खाली लोंबत होतं. पानंही लोंबत होती.

टिंबी म्हणाली,

"सूर्यफुला, सूर्यफुला, मान उचल.
माशी मेण देईना,
तात्या भाता शिवेनात,
चाचा नाल ठोकेनात,
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

सूर्यफूल म्हणालं, "हं... कोण? वर बोल. नाही, खाली बोल. मी खाली आहे."

"मान उचल रे!"

"रोज मी सूर्याकडे बघतो. आज सूर्यच माझ्याकडे बघतोय. फार बघतोय. घसा कोरडा पडलाय. पाटानं पाणी सोडलं की मान उचलतो. आधी पाणी, मग फूल."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेताच्या कडेला पाट होता. पाट म्हणजे पाण्याची छोटी वाट. विहिरीवरून पाणी निघतं, पाटातून शेतात येतं. आज अर्ध्या पाटात पाणी होतं. उरलेल्या अर्ध्यात नुसती धूळ.

टिंबी म्हणाली,

"पाटबाबा, पाटबाबा, पाणी सोडा.
फूल मान उचलेना,
माशी मेण देईना,
तात्या भाता शिवेनात,
चाचा नाल ठोकेनात,
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

पाट म्हणाला, "डुबुक! मी तर सोडतोय. पण मधे ढेकूळ बसलंय. केवढं मोठं! सकाळी एक घोडागाडी माझ्यावरून गेली. पुलावरून जायचं सोडून आडवी गेली. घाई होती म्हणे!"

"तांबडा घोडा होता?"

"तांबडाच. बाई ओरडत होत्या, इकडून नको, इकडून नको. माणूस म्हणत होता, लवकर पोचू. चाकानं काठ ढासळला. ढेकूळ आत पडलं. झालं! तू ढेकळाशीच बोल. आधी ढेकूळ, मग पाणी."

टिंबी निघाली. आता तुरुतुरु नाही. ढेकूळ शेजारीच होतं.

टिंबी म्हणाली,

"ढेकळा, ढेकळा, बाजूला हो.
पाट पाणी सोडीना,
फूल मान उचलेना,
माशी मेण देईना,
तात्या भाता शिवेनात,
चाचा नाल ठोकेनात,
घोडा गाडी ओढेना,
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

केवढं बोलली टिंबी! तिला धाप लागली.

ढेकूळ काही बोललं नाही.

टिंबी थांबली.

ढेकूळ अजून काही बोललं नाही.

मग सावकाश म्हणालं, "मी बसलोय."

"ते दिसतंय."

"बसणं हेच माझं काम. मला पाय नाहीत. मी कुठे जाऊ? कुणी मला उकरलं, तर गोष्ट वेगळी."

"उकरेल कोण?"

"तसं कुणी इथे आहे का? बारीक नखं असलेलं? मातीत भोकं पाडणारं? गेनूकाका रोज ओरडतात, या उंदरांनी सगळा बांध पोखरला! ते उंदीर कुठे राहतात, तुला ठाऊक आहे?"

टिंबीनं आपल्या पायांकडे पाहिलं. पायांना नखं होती. बारीक, टोकदार, मातीनं माखलेली.

"अगं बाई!" टिंबी म्हणाली. "मीच की!"

आणि ती उकरू लागली.

खुरखुर, खुरखुर! माती उडाली.

खुरखुर, खुरखुर! ढेकळाला खड्डा पडला.

खुरखुर, खुरखुर! खड्ड्याचं भोक झालं. आरपार!

"गुदगुल्या होतात," ढेकूळ म्हणालं. आणि फुटलं.

खळ्ळ! खळखळ खळखळ! पाणी धावलं. टिंबी टुणकन बाजूला उडाली. तरी शेपूट भिजलीच.

मग काय झालं?

टिंबीनं ढेकूळ उकरलं. पाटानं पाणी सोडलं. घट् घट् घट्. फुलानं मान उचलली.

"गूंऽऽ! गूंऽऽ! उघडलं, उघडलं!" सगळ्या माश्या धावल्या. फुलावर बसल्या. माशीनं मेण दिलं. पिवळं, मऊ, वाटाण्याएवढं.

टिंबीनं मेण तोंडात धरलं. तुरुतुरु, तुरुतुरु. मेण दाताला चिकटलं. तिला बोलताच येईना. वाटेत सगळ्यांना बरं वाटलं.

तात्यांनी मेण घेतलं. दोऱ्याला लावलं. सुई घेऊन उठले. मग थांबले. भाता चाचांकडे होता. चाचांशी बोलणं नव्हतं.

टिंबी तात्यांकडे बघत राहिली. एवढेसे डोळे. न मिटता.

"बरं बाई, जातो," तात्या म्हणाले.

तात्या चाचांसमोर बसले. भाता शिवला. सुळ्ळ, सुळ्ळ, सुळ्ळ. शेवटची गाठ मारली. मग खाली बघत म्हणाले,

"थोडा काढा आहे का?"

चाचा बघत राहिले. मग हसले. "आहे! साखर किती घालू?"

"कालच्यापेक्षा जास्त."

चाचांनी भाता दाबला. भस्स! भस्स! भस्स! कोळसे लाल झाले. नाल लाल झाली. ठण् ठण् ठण् ठण्! लोखंडानं चाचांचं ऐकलं.

मग चाचा आले. रावसाहेबांनी आपणच पाय वर केला. चाचांनी नाल बसवली. टक् टक् टक् टक्! रावसाहेबांनी पाय खाली ठेवला. टप्! पुन्हा ठेवला. टप्! आवाज आवडला, म्हणून पुन्हा ठेवला.

टप्!

गेनूकाका जागे झाले. त्यांनी नाल पाहिली.

"बघ!" ते काकूंना म्हणाले. "म्हटलं नव्हतं, होईल काहीतरी?"

कट्. काकूंनी शेंग फोडली.

काकांनी घोडा जुंपला. मागचा टेकू काढला. पुढे चढून बसले.

"चला, रावसाहेब! आता वजन कमी आहे. आता उडत जाऊ!"

रावसाहेबांनी ओढलं.

आणि गाडी खरंच उडाली. मागून नाही. पुढून! पुढचे दांडे वर गेले. गाडी मागे कलली. काका मागे घरंगळले. कांद्यांवर जाऊन पडले. रावसाहेबांचे पुढचे पाय हवेत लटकले.

"फुर्रर्र!" रावसाहेब म्हणाले. "हे काय चाललंय?"

मागे फार वजन, पुढे फारच थोडं. अशी गाडी पुढून वर उठते. तिला म्हणतात उलाळ गाडी. गाडी भरणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. गेनूकाकांनाही ठाऊक होतं. पण भांडताना माणूस एवढं कुठे लक्षात ठेवतो?

चाक काही फिरलं नाही. चाक दारावरच.

"आई, भूक!"

"आई, भूक!"

"आई..." धाकटं म्हणालं. आणि गप्प झालं.

टिंबीनं गाडीकडे पाहिलं. पोती मागे. काकाही मागे. पुढे रिकामं. पुढे कोण बसायचं बरं?

टिंबी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु! दगडावर चढली. काकूंच्या पदराजवळ उभी राहिली.

"काकू, काकू, पुढे बसा.
चाक जागचं हलेना,
दार माझं उघडेना.
पिल्लं आत, मी बाहेर!"

काकूंनी खाली पाहिलं. "पिल्लं? गाडीखाली?"

"चाकाखाली. बिळात. तीन."

"आणि सकाळपासून तू धावतेयस?"

"हो."

"मग मला आधीच का नाही सांगितलंस?"

"तुमची पाठ होती," टिंबी म्हणाली.

काकू उठल्या. पदर खोचला. शेंगांची पाटी उचलली. गाडीजवळ गेल्या.

कांद्यांतून काकांचा आवाज आला. "मथुरा, जरा... पुढे बसतेस का?"

"माझं वजन होईल ना!"

"होऊ दे. म्हणजे... व्हायलाच हवं."

"मोठ्यानं सांगा. रावसाहेबांना ऐकू आलं नाही."

"तुझं वजन व्हायलाच हवं!" काका ओरडले.

काकूंनी दांडे धरून खाली दाबले. पाटी पुढे ठेवली. पाटीशेजारी बसल्या. धप्प!

दांडे खाली आले. रावसाहेबांचे पाय जमिनीला लागले. गाडी सरळ झाली. पुढे जड नाही, मागे जड नाही. अगदी बरोब्बर.

"आता ओढा, रावसाहेब," काकू म्हणाल्या. "हळूच. खाली लेकरं आहेत."

काकू पुढे बसल्या. घोड्यानं गाडी ओढली. चाक जागचं हललं.

आणि दार उघडलं!

टिंबी आत गेली. सुर्रकन!

"आई, भूक!" मोठं म्हणालं.

"आई, भूक!" मधलं म्हणालं.

धाकटं काही म्हणालं नाही.

"आणि तुला रे?" टिंबीनं विचारलं.

"मला काही नाही," धाकटं म्हणालं. "झाली."

टिंबीनं कोपऱ्याकडे पाहिलं. झाली होती.

तेवढ्यात दाराशी आवाज झाला. टप्. टप् टप्. टप् टप् टप्. शेंगा पडत होत्या! काकू गाडीतून मूठ मूठ टाकत होत्या.

"अगं, किती टाकतेस! बाजारात काय विकायचं?" काका म्हणाले.

"कांदे," काकू म्हणाल्या. "त्यांच्यावर तुम्ही लोळला होतात, हे सांगू नका म्हणजे झालं. आणि परत येताना पाटावरून आडवं घालू नका. पुलावरून चला."

"पुलावरून उशीर होतो."

काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं.

"पुलावरून जाऊ," काका म्हणाले.

खडखड खडखड! टप टप टप टप!

टिंबीनं पिल्लांना दूध पाजलं. मग शेंगा आत ओढून आणल्या. मग नखांकडे पाहिलं. नखं अजून मातीची होती. एवढं मोठं ढेकूळ उकरलं, तर मागचं दार काय अवघड आहे?

खुरखुर, खुरखुर!

मागचं दार त्याच दिवशी झालं. बरोब्बर धाकट्याच्या कोपऱ्यात. तो कोपरा नाही तरी उकरायलाच हवा होता.

गाडी गेली बाजारात,
टिंबी बसली घरात,
शेंगा आल्या दारात,
आणि गोष्ट राहिली तुमच्या कानात.

कुणाला शू लागली असेल, तर आत्ताच सांगा.